पाचवी तपास-वही

ताईंच्या निबंधाला मी सहापैकी तीन गुण दिले, आणि तो वाचला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही रहस्य उलगडेल म्हणून कुणी ताटकळायला नको. वही ताईंची आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर वाचली असती, असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होते. मग लक्षात आलं की या सबबीने माझं काही झाकलं जात नाही, उलट जास्तच उघडं पडतं.

काम कसं चालतं ते सांगते. कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला लेखनाची चाचणी द्यावी लागते. एक विषय, पन्नास मिनिटं, एक आठ पानी वही. वहीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. प्रत्येक वही दोघं वाचतात, एकमेकांचे गुण न बघता, आणि एक ते सहा यांतला एक आकडा देतात. दोघांची बेरीज आठ किंवा त्याहून जास्त झाली तर थेट पहिल्या वर्षात प्रवेश. आठाच्या खाली राहिली तर आधी वर्षभर पूर्वतयारीचा वर्ग. दोघांच्या गुणांत दोन किंवा जास्त फरक पडला, तरच वही तिसऱ्याकडे जाते. आम्हांला परीक्षक म्हणत नाहीत, वाचक म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं.

एका वहीला साधारण तीन मिनिटं मिळतात. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण शितावरून भाताची परीक्षा करायला तीन मिनिटं पुष्कळ झाली. पहिला परिच्छेद संपेपर्यंत आकडा डोक्यात तयार असतो. उरलेल्या वेळात तो बदलायला काही कारण सापडतंय का एवढंच बघायचं. सहसा सापडत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे काम चौदा वर्षं केलं, दर उन्हाळ्यात तीन आठवडे, आणि मला ते चांगलं येतं असा माझा समज होता.

आता तपास-वह्यांविषयी. वाचकांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघायला प्रमुख रोज प्रत्येकाच्या गठ्ठ्यात चार जुन्या वह्या मिसळून ठेवत. त्यांचे गुण आधीच ठरलेले असत. त्या गुणांपासून आपण एकापेक्षा जास्त ढळलो की नावापुढे फुली. एका हंगामात तीन फुल्या पडल्या की पुढच्या वर्षी बोलावणं यायचं नाही. माझ्या नावापुढे एकही फुली नव्हती, आणि ही गोष्ट मी चारचौघांत दोन-तीनदा सहज सांगितल्यासारखी सांगितली होती.

पूर्वी या तपास-वह्या झेरॉक्स करून मिसळत, तेव्हा त्या लांबूनच ओळखू यायच्या. म्हणून प्रमुखांनी युक्ती काढली. जुने निबंध नव्या कोऱ्या वहीत निळ्या शाईने हाताने उतरवून घ्यायचे. उतरवणार कोण? कार्यालयात लेखनिक एकच, त्या म्हणजे ताई. प्रमुखांचं शहाणपण तिथे संपलं. एकाच हाताने उतरवलेल्या वह्या एकाच अक्षरात असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते वह्या वाचत नाहीत, आकड्यांचे तक्ते वाचतात.

ताईंचं अक्षर मोत्यासारखं. समास दोन बोटं सोडलेला, ओळ उजवीकडे जाता जाता किंचित वर चढणारी, आणि पूर्णविराम इतका दाबून दिलेला की पानाच्या मागून बोटाला लागावा. दुसऱ्या हंगामात हे अक्षर सगळ्या वाचकांना पाठ झालं. कुणी कुणाला काही बोललं नाही. आळीमिळी गुपचिळी. ओळखीचा निबंध आला की त्याचा ठरलेला आकडा आठवून टाकायचा. अनोळखी आला तर तीन टाकायचे. तपास-वह्या कायम दोन, तीन नाहीतर चारच्याच असत, कारण एक आणि सहा कुणालाही ओळखता येतात. तीन टाकले की फुली पडूच शकत नाही. शिवाय न वाचल्यामुळे तीन मिनिटं वाचत, डोळ्यांना तेवढीच विश्रांती. याला शुद्ध मराठीत पाट्या टाकणं म्हणतात, पण आम्ही तसं म्हणत नव्हतो.

यंदा विषय होता: तुम्हांला चांगलं येणारं एखादं काम, आणि ते तुम्ही कसं शिकलात. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत माझ्या चारही तपास-वह्या येऊन गेल्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी पाचवी आली. क्रमांक चारशे एकोणचाळीस. मी वही उघडली, अक्षर पाहिलं, मिटली. प्रमुखांनी यंदा एक वाढवलेली दिसते, एवढंच मनात आलं. तीन टाकले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

माझे जोडीदार वाचक भूगोल शिकवायचे, त्यांना सगळे भूगोलसर म्हणतात. तीच वही नंतर त्यांच्याकडे गेली. दुपारी चहाला त्यांनी कपाच्या आडून मला पाच बोटं दाखवली, आज चाराच्या जागी पाच तपास-वह्या अशा अर्थी. मी मान हलवली. चौदा वर्षांत या विषयावर आमचं झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण.

निकाल लागल्यानंतर दोन दिवसांनी मी मानधनाच्या कागदावर सही करायला कार्यालयात गेले. ताई एकट्याच होत्या. त्यांची खोली म्हणजे दोन कपाटं, एक टेबल, आणि खिडकीत चहाचा थर्मास. ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या, पण कपाटाच्या वरच्या फळीवरचे गठ्ठे स्टुलावर चढून स्वतः काढतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी मला चहा दिला.

"बाई, एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं वाचताय म्हणून विचारते."

"विचारा की."

"तीन आणि तीन म्हणजे कसा असतो हो निबंध? अगदीच टाकाऊ?"

"कुणाला मिळाले?"

"मला." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "मीपण बसले होते यंदा. कुणाला बोलले नव्हते. लेकीनेच फॉर्म भरला. म्हणाली, आई, तू लोकांचं किती दिवस लिहिणार. प्रमुखांना तेवढं सांगितलं होतं, त्यांनी मला गठ्ठ्यांपासून लांब ठेवलं. नियमच आहे तो."

मी कप खाली ठेवला. तीन आणि तीन. चारशे एकोणचाळीस. मला विचारावंही लागलं नाही.

"संध्याकाळच्या कॉलेजात जागा मिळत होती," ताई म्हणाल्या. "सहा ते नऊ. नोकरी सांभाळून झालं असतं. पण हा पूर्वतयारीचा वर्ग सकाळी दहा ते एक असतो. तेव्हा मी इथे. नोकरी सोडून तर बसता येत नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा..."

"तीन वर्षांतून एकदाच देता येते. तीन वर्षांनी मी एक्कावन्नची. तोवर खुमखुमी राहते का बघायचं." त्या हसल्या. "एकाने दोन आणि एकाने चार दिले असते तर वही तिसऱ्याकडे तरी गेली असती. पण दोघांचं अगदी एकमत. म्हणजे काही शंकाच नाही ना?"

"तीन म्हणजे वाईट नसतो," मी म्हणाले. "मधला असतो."

हे बोलले आणि मला लाज वाटली. साधी, सरळ लाज, कानापर्यंत गरम करणारी. न वाचलेल्या निबंधाविषयी मी मत दिलं होतं, तेही दुसऱ्यांदा.

घरी मी आणि माझी थोरली बहीण अशा दोघीच असतो. ती दवाखान्यात परिचारिका होती, अक्का म्हणतो तिला. जेवताना मी तिला सगळं सांगितलं, थोडं स्वतःच्या बाजूने वळवून. वहीचं अक्षर तसं होतं, नियम तसा आहे, सगळेच तसं करतात.

अक्काने ताटातला घास संपवला. "आमच्याकडेही होत्या अशा दोघी. थर्मामीटर न लावता तक्त्यावर ताप लिहायच्या. सगळ्यांना अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तक्ता दिसायला इतका सुरेख, की मोठ्या डॉक्टरांनी एकदा सगळ्यांना दाखवला होता."

"मग काय झालं त्यांचं?"

"त्यांचं काही झालं नाही. पेशंटचं काय झालं ते विचार." आणि तिने भाजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

आमच्या नियमांच्या पुस्तिकेत सतरावा नियम असा आहे, की निकालानंतर सात दिवसांत वाचकाला आपला गुण लेखी कारण देऊन मागे घेता येतो. मग वही दोन नव्या वाचकांकडे जाते. हा नियम कुणी कधी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. सातांतले दोन दिवस गेले होते. मी आधी भूगोलसरांकडे गेले, कारण मी काय लिहीन त्याचे शिंतोडे त्यांच्यावरही उडणार होते.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे, बोलताना ते त्याच्याकडेच बघतात.

"बिचारी," ते म्हणाले. "वाईट झालं. पण बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही अक्षराचं लिहिलंत की सगळ्यांचे तक्ते खोटे ठरणार. वीस-वीस वर्षं वाचणारी माणसं आहेत."

"वाचणारी म्हणजे?"

"शब्दात पकडू नका." ते जरा रागावले. "दुसरं काहीतरी कारण लिहा. डोळे दुखत होते, तब्येत बरी नव्हती."

"तब्येत बरी नव्हती तर त्या दिवशीच्या सगळ्याच वह्या मागे घ्याव्या लागतील. एकशे वीस."

"मग राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ. मी माझा गुण काही मागे घेत नाही. मला हे काम लागतं, बाई. वर्षातले हे तीन आठवडे सोडले तर मला कुणी काही विचारत नाही."

हे त्यांचं खरं होतं, आणि मला ते कळलंही. माझंही तसंच होतं. चौदा वर्षं उन्हाळा आला की मला बोलावणं यायचं, जांभळ्या शाईच्या शिक्क्याचं पत्र, आणि मी ते आठवडाभर दिवाणखान्यात दिसेल असं ठेवायची. पण एकाने गुण मागे घेतला तरी पुरतं, असं नियमात आहे. म्हणून मी त्यांचं नाव घेणार नाही असं सांगून उठले. ते मला दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

प्रमुखांनी मला वही काढून दिली, कारण गुण मागे घेण्याआधी वाचकाने ती पुन्हा बघायची असते. त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून मी ती वाचली. पुन्हा म्हणणं चुकीचं आहे, पहिल्यांदाच वाचली.

ताईंनी लिहिलं होतं: "मला उतरवून काढायचं काम चांगलं येतं. यात अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. मी मुलांच्या चुका सुधारून लिहायचे. मग मला सांगण्यात आलं की चूक जशीच्या तशी उतरवायची, नाहीतर तो त्या मुलाचा निबंध राहत नाही. चुकीचं पाहून चुकीचंच लिहिणं फार अवघड असतं. हात आपोआप सुधारायला जातो. त्याला धरून ठेवावं लागतं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली."

पुढे एका मुलीच्या निबंधाविषयी होतं, आजोळच्या विहिरीवरच्या. "तो मी सात वेळा उतरवला. त्याला किती गुण होते हे मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला तो आवडतो. आता तो मला न बघता लिहिता येईल."

तो निबंध मलाही माहीत होता. दोनची वही. सात वर्षं ती आली की मी दोन टाकत आले होते. त्यात विहीर होती हे आठवत होतं. बाकी काही आठवत नव्हतं.

शेवट असा होता: "आज माझ्या डाव्या हाताला कुणाची वही नाही. नजर तरी तिकडे जाते. आपल्याच मनातलं लिहायचं तर पुढचा शब्द कोणता हे आधी कुठे बघायचं, हे मला अजून नीट जमत नाही. पण एका गोष्टीचं बरं वाटतं. वहीवर नाव नाही. जो कुणी वाचेल त्याला मी कोण हे कळणार नाही, त्यामुळे मी काय लिहिलं आहे तेवढंच तो बघेल."

मी वही पहिल्यापासून आणखी एकदा वाचली. मधला एक परिच्छेद पसरट आहे, आणि शेवट वेळ संपत आल्यामुळे आवरता घेतलेला. पाच. दुसऱ्यांदा वाचल्यावरही पाच.

मग मी कारण लिहिलं. चार ओळी झाल्या. प्रमुखांनी त्या वाचल्या आणि चष्मा वर केला.

"चौदा वर्षं?"

"दहा. पहिली चार वर्षं मी वाचत होते."

"आणि बाकीचे?"

"मी माझ्यापुरतं लिहिलंय."

त्यांनी फाइलमधून माझा चौदा वर्षांचा तक्ता काढला. एकही फुली नसलेला, सुरेख तक्ता. मला अक्का आठवली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. वही नव्या वाचकांना द्यायची तर अक्षर त्यांनाही माहीत असणार, हे प्रमुखांना या वेळी कळलं. म्हणून त्यांनी स्वतः बसून ती नव्या वहीत उतरवली. त्यांना पावणेदोन तास लागले आणि दोन पानं वाया गेली. त्या खराब अक्षरातल्या वहीला एकाने पाच दिले, एकाने चार. बेरीज नऊ. ताई आता आठवड्याचे पाच दिवस संध्याकाळी कॉलेजात जातात. मला पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं नाही. भूगोलसरांना आलं. तपास-वह्या आता टाइप केलेल्या असतात असं ऐकते, म्हणजे त्या ओळखायला अक्षरसुद्धा बघावं लागत नसेल.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं. गुण मागे घेतल्याचं निवेदन मुख्य कचेरीत पाकीटबंद जातं, म्हणून त्याआधी ते बदलांच्या नोंदवहीत शब्दन् शब्द उतरवून ठेवावं लागतं. नोंदवही कोण लिहितं हे सांगायला नको. मी प्रमुखांना म्हणाले, हे दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. ते म्हणाले, दुसरं आहे कोण?

तेव्हा मी तो कागद घेऊन ताईंच्या खोलीत गेले. कोऱ्या नोंदवहीचं पहिलंच पान त्यांनी उघडलं, पट्टीने समास आखला, माझा कागद डाव्या हाताला ठेवला आणि लिहायला लागल्या. आधी वाचून घेत नाहीत त्या, उतरवता उतरवता वाचतात. "वही क्रमांक चारशे एकोणचाळीस," त्यांनी लिहिलं, आणि त्यांचा हात जरा मंदावला. आपला क्रमांक त्यांना पाठ असणारच. पुढच्या दोन शब्दांनंतर पेन थांबलं.

"बाई, इथे 'मी वाचली नाही' असं लिहिलंय."

"हो."

"मध्ये 'नीट' राहिलंय का? नीट वाचली नाही?"

त्यांचा हात सुधारायला गेला होता. मला तो 'नीट' घ्यावासा वाटला, अगदी मनापासून. तेवढ्या एका शब्दात माझी बरीच अब्रू राहिली असती.

"नाही," मी म्हणाले. "राहिलेलं नाही काही. आहे तसंच उतरवा."

त्यांनी तसंच उतरवलं. मग पुढची ओळ, अक्षर ओळखून ती तपास-वही समजले अशी. मग तिसरी, तपास-वह्या मी वर्षानुवर्षं अशाच ओळखत आले अशी. माझा गुण मागे घेते. पूर्णविराम. नेहमीइतकाच दाबून. नोंदवही त्यांनी माझ्याकडे फिरवली, मी सही केली, आणि त्यांनी शाई टिपून घेतली.

"म्हणजे माझं अक्षर सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि त्या सगळ्या वह्या? मी उतरवलेल्या?"

अकरा वर्षं, दर हंगामात साठ-सत्तर वह्या, चुकांसकट. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. रडतील असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. रागावल्या होत्या. मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"विहिरीची किती गुणांची होती?"

"दोनची."

त्या उठल्या, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि वरच्या फळीवरून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. मग टेबलावरचा आपला चहाचा कप उचलून बाजूला नेला, मला जागा करून दिल्यासारखा.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय इथे."

मी वाचली. अकरा मिनिटं लागली. गुण मी आजही दोनच देईन, फार तर तीन. त्या विहिरीवर आजोबा दोर ओढायचे, आणि बादली अगदी वर आली की दोर नातीच्या हातात द्यायचे, म्हणजे पाणी मी काढलं असं तिला घरी जाऊन सांगता यावं.